बायपासची नळी कुठून घेतली?

आपल्यात कुणी बायपास करून घरी आला की भेटायला गेलेला प्रत्येक माणूस एकच विचारतो, "किती टाकल्या?" रुग्णही सदऱ्याची दोन बटणे सोडून छातीवरचा व्रण दाखवतो आणि सांगतो, "चार." मग खर्च किती आला, आयसीयूत किती दिवस ठेवले, खायला काय सांगितले, एवढे बोलून चहा घेऊन लोक उठतात. त्या चार नळ्या आणल्या कुठून, हे पाहुणा विचारत नाही आणि घरच्यांनाही ठाऊक नसते. पायाला पट्टी आहे म्हणजे पायातून काहीतरी काढले असेल, इतकेच. परंडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावातून आधी बार्शी, मग सोलापूर किंवा पुणे अशी रात्रीची धावपळ करत पोहोचलेल्या कुटुंबाला त्या घडीला हे सुचणारही नाही. पण केलेला बायपास पुढे किती वर्षे चालणार, हे नळ्यांच्या संख्येपेक्षा त्या कोणत्या होत्या यावर जास्त अवलंबून असते. म्हणून बंधू-भगिनींनो, या वेळी या पानावर फक्त त्या नळ्यांबद्दल बोलू.

हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते त्याच्या अंगावरून गेलेल्या बारीक धमन्यांतून. मुख्य तीन. समोरून खाली उतरणारी, डावीकडून मागे वळणारी आणि उजवीकडची. जाडी साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढी. यांपैकी समोरची सर्वांत महत्त्वाची, कारण हृदयाच्या डाव्या कप्प्याचा मोठा भाग तिच्यावर जगतो. डॉक्टर तिला एलएडी म्हणतात, आणि हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. या धमन्यांत आतून चरबीचा थर बसत बसत वाट अरुंद झाली की चालताना छाती भरून येते आणि वाट एकदम बंद झाली की झटका येतो. बायपासमध्ये तो थर कुणी खरवडून काढत नाही. पाटात दरड पडली आणि ती उकरणे शक्य नसले, तर शेतकरी दरडीच्या वरून बाजूने चर काढतो आणि पाणी पुढच्या वाफ्यात सोडतो, तसेच हे. अडथळा जागेवरच राहतो. त्याच्या पुढे नवी नळी शिवून रक्त पोहोचवले जाते. या नळीला ग्राफ्ट म्हणतात.

ही नळी रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातून घ्यावी लागते. गावाकडे दोन प्रश्न नेहमी येतात. मुलगा म्हणतो, माझी शीर काढा, पण वडिलांना वाचवा. त्याची भावना खरी आहे, पण दुसऱ्याची शीर शरीर आपली मानत नाही आणि ती लवकर बंद पडते. दुसरा प्रश्न बाजारातल्या नळीचा. मांडीतल्या किंवा पोटातल्या मोठ्या धमनीसाठी कृत्रिम नळ्या मिळतात आणि त्या चालतात. रिफिलएवढ्या बारीक वाटेला मात्र त्या टिकत नाहीत, रक्त गोठून बंद होतात. त्यामुळे कुणी "भारीतली परदेशी नळी टाकू, वरचे पैसे लागतील" असे सांगितले, तर तो माणूस स्टेंटबद्दल बोलत असेल किंवा फसवत असेल. बायपासची नळी विकत मिळत नाही.

मग स्वतःच्या शरीरात ती कुठे सापडते? पायात, छातीत आणि हातात.

पायाची शीर सर्वांना माहीत आहे. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत गेलेली लांब शीर, सॅफेनस. ती काढली तरी पायाचे रक्त आतल्या खोल शिरांतून वर जाते, म्हणून पायाचे फारसे अडत नाही. लांबी भरपूर मिळते, एका पायातून दोन-तीन तुकडे निघतात, काढायला वेळ कमी लागतो. तिचा दोष तिच्या जन्मातच आहे. शीर म्हणजे परतीच्या रक्ताची वाट. त्या रक्ताला दाब फार थोडा. रक्त खाली घसरू नये म्हणून आत ठिकठिकाणी झडपा असतात, म्हणून तर हृदयावर जोडताना ती उलटी करून जोडतात. अशी पातळ भिंतीची शीर एकदम महाधमनीच्या १२० च्या दाबाला जुंपली जाते. ती दाब सोसते, पण सोसता सोसता तिची भिंत आतून जाड होते आणि पुढे तिच्यातही चरबी बसू लागते. पहिल्या वर्षातच अशा शंभरांतल्या दहा-पंधरा शिरा बंद होतात आणि दहा वर्षांनी साधारण निम्म्याच चांगल्या चालू राहिलेल्या असतात.

छातीची धमनी वेगळ्या जातकुळीची. छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना, कडेपासून बोटभर अंतरावर, आतल्या अंगाने एकेक धमनी खाली उतरते. डावीला लिमा आणि उजवीला रिमा म्हणतात. ही मुळातच धमनी, दाबाची सवय असलेली. शिवाय तिच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड भरपूर सुटतो, त्याने वाट सैल राहते आणि रक्ताची गुठळी सहसा धरत नाही. ज्याच्या हृदयाच्या तिन्ही धमन्या चरबीने भरल्या आहेत, त्याचीही ही धमनी बहुधा स्वच्छ निघते. आणखी एक सोय अशी की ती मुळापासून तोडावी लागत नाही. वरचे टोक जिथे आहे तिथेच ठेवून खालचे टोक सोडवायचे आणि शेजारीच असलेल्या एलएडीला शिवायचे. वेल न उपटता तिचा शेंडा दुसऱ्या मांडवावर चढवावा तसे. लिमा एलएडीला जोडली तर दहा वर्षांनीही शंभरांतल्या नव्वदांहून अधिक चालू सापडतात.

इतकी चांगली नळी इतक्या जवळ असताना डॉक्टर पायाकडे का गेले, याची कथा थोडी सांगतो. १९५० च्या आसपास कॅनडात डॉ. व्हाइनबर्ग छातीची धमनी सोडवून हृदयाच्या स्नायूत नुसतीच खोचून ठेवत. आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. पी. के. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये आणखी निराळा प्रयोग प्रसिद्ध केला. सापाच्या हृदयाला बरेचसे रक्त आतल्या कप्प्यातूनच मिळते, तर माणसाच्या हृदयाच्या स्नायूला सुईने बारीक छिद्रे पाडून तसे करता येईल का, असा तो विचार होता. ती वाट पुढे फार गेली नाही, पण त्या काळात मुंबईत बसून असा विचार करणारी माणसे होती, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. टोकाला टोक शिवून छातीची धमनी हृदयाच्या धमनीला जोडण्याचे काम रशियात लेनिनग्राडला डॉ. कोलेसोव यांनी १९६४ मध्ये केले. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही.

नाव झाले ते डॉ. रेने फावालोरो यांचे. हे अर्जेंटिनाचे. हकोबो नव्हे, हासिंतो अराउस नावाच्या आडगावात त्यांनी बारा वर्षे खेड्याचा डॉक्टर म्हणून काढली. तिथे रक्तपेढी नव्हती, तर गावातल्या कुणाचा रक्तगट कोणता याची यादी करून त्यांनी चालत्याबोलत्या माणसांचीच रक्तपेढी उभी केली. मग ते अमेरिकेत क्लीव्हलँडला गेले आणि १९६७ मध्ये पायाची शीर वापरून त्यांनी बायपासची पद्धत बसवली. काम सोपे, शीर मुबलक, निकाल लगेच दिसणारा. ही पद्धत जगभर पसरली. भारतात पहिला बायपास १९७५ मध्ये चेन्नईच्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केला.

पायाच्या शिरांचे खरे रूप दिसायला वर्षे जावी लागली. १९८६ मध्ये त्याच क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी सुमारे सहा हजार रुग्णांची दहा वर्षांची नोंद मांडली. ज्यांना फक्त शिरा जोडल्या होत्या, त्यांना मृत्यूचा धोका एलएडीला छातीची धमनी जोडलेल्यांपेक्षा दीडपटीहून जास्त निघाला. तेव्हापासून लिमा एलएडीला जोडणे हा जगभरचा नियम झाला. आज एखाद्या साध्या, ठरवून केलेल्या बायपासमध्ये लिमा वापरली नसेल, तर त्याला काहीतरी सबळ कारण असायला हवे. ते कारण विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

सबळ कारणे असतातही. रुग्ण झटक्याने कोसळलेला आहे, बीपी राहत नाही, मिनिटे मोजायची आहेत, अशा वेळी सर्जन पटकन निघणारी पायाची शीर घेतो आणि ते बरोबरच असते. डाव्या हाताला रक्त नेणारी मोठी धमनी अरुंद असेल, तर तिच्यातूनच निघणाऱ्या लिमाला पुरेसे रक्त येणार नाही. हे ओळखायचा सोपा उपाय म्हणजे दोन्ही हातांचे बीपी मोजणे. दोन्हींत बराच फरक आला तर पुढे तपास करतात. तिसरे कारण बायकांच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात किंवा आणखी कुठे 'शेक' घेतला असेल, तर त्या किरणांनी छातीची धमनी खराब झालेली असू शकते. ऑपरेशनच्या आधी हे सर्जनला सांगितलेच पाहिजे, मग कॅन्सर बरा होऊन पंधरा वर्षे झालेली का असेनात.

बायकांचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. "छातीची नळी" म्हटले की काही आयुष्मती बिचकतात, स्तनाला काही करणार की काय म्हणून. तसे काही नसते. धमनी हाडाच्या आतल्या बाजूची आहे, स्तन जसेच्या तसे राहते. डाव्या छातीवर काही महिने बधिरपणा वाटू शकतो. बायकांना हृदयाचा आजार होतच नाही, छातीत दुखते ते ॲसिडिटीने, असे समजून त्यांना दवाखान्यात उशिरा नेले जाते, ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. आणि जगभरच्या नोंदी सांगतात की बायपासमध्येही बायकांना एकाहून जास्त धमन्या पुरुषांपेक्षा कमी वेळा जोडल्या जातात. त्यांच्या धमन्या बारीक असतात हे त्यामागचे एक कारण, पण तेवढेच नाही. आईसाठी, बहिणीसाठी तोच प्रश्न विचारा जो वडिलांसाठी विचारला असता.

आता एलएडी झाली, उरलेल्या दोन-तीन धमन्यांना काय जोडायचे? खरा वाद इथे आहे. आजही बहुतेक ठिकाणी "एक लिमा, बाकी शिरा" हेच होते. साठी-पासष्टीच्या आतल्या माणसाला मात्र दुसरी धमनी द्यावी, असे अनेक सर्जनांचे मत आहे. त्यासाठी दोन पर्याय आहेत. उजवी छातीची धमनी किंवा हाताची.

दोन्ही छातीच्या धमन्या घेतल्या की मधल्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. एरवी हाड सहा-आठ आठवड्यांत जुळते. साखर ताब्यात नसलेला, वजन फार असलेला, बिडीने फुप्फुसे खराब झालेला रुग्ण असेल, तर हाड न जुळणे, जखमेत पू होणे हा धोका वाढतो. तो साधा नव्हे, पुन्हा ऑपरेशन आणि महिनाभर दवाखाना. धमनीभोवतीचे मांस न घेता ती एकटीच सोडवून काढली तर धोका कमी होतो, पण त्याला हात बसलेला सर्जन लागतो. आणि फायदा? भारतासह सात देशांतल्या ३,१०२ रुग्णांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचा दहा वर्षांचा निकाल २०१९ मध्ये आला. एक छातीची धमनी आणि दोन, यांत जगण्या-मरण्याचा ठळक फरक दिसला नाही. यावर डॉक्टर अजून भांडतात, कारण अनेक रुग्णांना ठरवलेल्यापेक्षा वेगळ्याच नळ्या मिळाल्या होत्या, आणि एकच धमनी मिळालेल्या गटातही बऱ्याच जणांना हाताची धमनी लावलेली होती. माझे मत असे की मधुमेह बेताल असलेल्या आपल्या माणसासाठी दुसऱ्या छातीच्या धमनीचा आग्रह धरू नये. त्यापेक्षा हाताची बघावी.

हाताची, म्हणजे मनगटावर अंगठ्याच्या बाजूला नाडी बघतो ती रेडियल धमनी. फ्रान्समध्ये डॉ. कार्पाँतिये यांनी १९७० च्या सुमारास ती वापरून पाहिली, पण ती आवळून बंद पडे, म्हणून सोडून दिली. पुढे काही जुन्या रुग्णांत ती वीस वर्षांजवळ पोहोचूनही चालू सापडली आणि १९९० नंतर ती परत आली. आता ती आवळू नये म्हणून डिल्टियाझेम किंवा ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्या काही महिने देतात. २०१८ मध्ये सहा अभ्यासांतल्या १,०३६ रुग्णांची एकत्र नोंद आली, तीत पाच वर्षांनी पायाच्या शिरेपेक्षा हाताची धमनी जास्त चालू आणि झटके कमी असे दिसले. २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत तर एलएडीनंतरच्या महत्त्वाच्या धमनीला शिरेपेक्षा रेडियल जोडा, असे स्पष्ट लिहिले आहे. अट एकच. जिथे जोडायची ती वाट चांगलीच अरुंद झालेली असावी. अडथळा थोडा असेल तर जुन्या वाटेनेच रक्त येत राहते, नव्या धमनीला काम उरत नाही आणि ती आकसून जाते.

"पण हात गेला तर?" कोयता, खुरपे, कुदळ चालवणाऱ्या माणसाचा हा प्रश्न अगदी बरोबर आहे. तळहाताला दोन धमन्यांतून रक्त येते, अंगठ्याकडची रेडियल आणि करंगळीकडची अल्नर. तळव्यात दोन्ही एकमेकींना मिळालेल्या असतात. एक काढली तरी दुसरी भार उचलते का, हे आधी तपासतात. मूठ आवळायची, मनगटावर दोन्ही धमन्या दाबून धरायच्या, मूठ उघडल्यावर तळवा पांढरा पडतो. मग करंगळीकडची सोडायची. काही सेकंदांत तळवा लाल झाला तर हात सुरक्षित. आजकाल सोनोग्राफीनेही पाहतात. घेतात तीही कमी वापराच्या हाताची, उजव्याने काम करणाऱ्याची डावी. काहींना अंगठ्याच्या मुळाशी मुंग्या किंवा बधिरपणा राहतो, पकड मात्र राहते.

आता एक गोष्ट, जी वेळेवर सांगितली तरच उपयोगाची. हल्ली अँजिओग्राफी बहुतेक वेळा मनगटातून होते. सुई आणि नळी ज्या रेडियलमधून गेली, तिचे आतले अस्तर दुखावते आणि ती धमनी मग बायपासला घेत नाहीत. अँजिओग्राफी उजव्या हाताने झाली असेल तर डावा हात शाबूत राहतो. म्हणून बायपासची शक्यता असलेल्या रुग्णाच्या डाव्या मनगटाला उगाच टोचू देऊ नये. किडनी खराब असेल तर गोष्ट उलटी. पुढे डायलिसिसची वेळ आली तर हाताच्या वाहिन्या लागतात, म्हणून अशा रुग्णाची हाताची धमनी राखून ठेवतात. तसेच पायाचे. पायावर शिरा फुगून गाठी आल्या असतील, किंवा त्यांचे लेसर वा ऑपरेशन आधी झाले असेल, तर तिथली शीर ग्राफ्टला चालत नाही किंवा उरलेलीच नसते. दिवस दिवस उभे राहून काम करणाऱ्यांत हे पुष्कळ दिसते. सर्जनला पायजमा वर करून दाखवा.

या सगळ्याचा हिशेब आपल्यासाठी वेगळा का, ते एका सर्वांना माहीत असलेल्या उदाहरणाने कळेल. माजी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांचा पहिला बायपास १९९० मध्ये इंग्लंडमध्ये झाला. १९ वर्षांनी पुन्हा अडथळे निघाले आणि २४ जानेवारी २००९ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये त्यांचा दुसरा बायपास झाला. मुंबईहून डॉ. रमाकांत पांडा आपली तुकडी घेऊन त्यासाठी गेले होते. रुग्णाचे वय तेव्हा ७६. ते त्यानंतर आणखी पाच वर्षे पंतप्रधान राहिले आणि २०२४ च्या डिसेंबरात, ९२ व्या वर्षी गेले. दुसरा बायपास होऊ शकतो, हे यातून दिसते. पण तो पहिल्यापेक्षा खूप अवघड. छातीच्या आत सगळे चिकटलेले असते, जुन्या चालू नळ्या जपायच्या असतात आणि चांगल्या नळ्या आधीच वापरून झालेल्या असतात. पंतप्रधानांसाठी मुंबईची तुकडी दिल्लीला जाते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी झटका आलेल्या ऊसतोड कामगाराला दुसरी संधी मिळेल, असे धरून चालता येत नाही. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षे आधी येतो. त्या कामगाराला त्याच नळ्यांवर पंचवीस वर्षे काढायची आहेत. ऐंशीच्या आजोबांना एक लिमा आणि दोन शिरा पुरेशा आहेत, त्यांना लांबलचक ऑपरेशनचा ताण देण्यात अर्थ नाही. तरुणाच्या बाबतीत पहिल्याच वेळी नीट विचार व्हायला हवा.

पैशाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसतो. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात शेजारचा सोलापूर होता. आपला जिल्हा पुढच्या टप्प्यात आला. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात दारातच आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. योजनेतला रुग्ण म्हणून प्रश्न विचारायला लाजू नका. "साहेब, एलएडीला लिमा जोडणार ना? दुसरीला हाताची घेता येईल का? नसेल तर का नाही?" एवढे तीन प्रश्न पुरेत. चांगला सर्जन यावर रागावत नाही, कागदावर हृदय काढून समजावतो. आणि त्याने कारण देऊन "तुमच्या माणसाला पायाचीच शीर बरी" असे सांगितले, तर ते ऐका. समोर छाती उघडल्यावर काय दिसेल ते त्यालाच कळणार आहे.

ऑपरेशननंतरचे अर्धे काम घरचे आहे. शीर उघडी ठेवण्यात ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी यांचा मोठा वाटा आहे. बरे वाटू लागले की सहा महिन्यांनी गोळ्या बंद करणारे आणि मोबाइलवर आलेला ब्लॉक विरघळवणारा काढा घेणारे लोक आपल्या प्रत्येक गावात आहेत. नव्या शिरेत पहिल्या वर्षीच गुठळी धरते ती अशा वेळी. गोळ्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय बंद करायच्या नाहीत. बिडी, तंबाखू, मिश्री यांतले काहीही चालू ठेवले तर कोणती नळी टाकली याला फारसा अर्थ उरत नाही. पायाची जखम रोज बघा, विशेषतः साखर असेल तर. सूज येते ती पाय उंच ठेवून आणि पट्टी बांधून उतरते. लाली, पू किंवा ताप आला तर लगेच परत जा. छातीचे हाड जुळेपर्यंत पाण्याची घागर, पोते, लहान मूल उचलायचे नाही. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची.

शेवटी कागद. सुट्टी मिळताना जे डिस्चार्ज कार्ड देतात, त्यात कोणती नळी कुठे जोडली ते एका ओळीत लिहिलेले असते, बहुधा "लिमा टू एलएडी" असे काहीतरी. ते नसेल तर लिहून मागा. ऑपरेशन नोटची प्रतही मागता येते. दहा वर्षांनी छातीत पुन्हा दुखले आणि वेगळ्याच दवाखान्यात जावे लागले, तर तिथल्या डॉक्टरला सर्वांत आधी हेच हवे असते. ते नसेल तर एकेक नळी शोधण्यात वेळ जातो आणि जास्तीचे रंगद्रव्य किडनीवर पडते. त्या कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवा आणि एक फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलमध्ये असू द्या.